सुटलेल्या तारेचं शून्य

ती. दादास धाकटीचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण प्रयोगशाळेची जमीन सध्या खोक्यांनी भरली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझी प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. माझ्यामुळे तुझा रक्तदाब वाढला आणि तू रागाने जेवण टाकलंस असं वहिनीने कळवलं. पुढच्या जेवणाला तू दुप्पट जेवलास हेही तिनेच कळवलं, त्यामुळे काळजी मिटली. वहिनीचा गुडघा कसा आहे? तू डॉक्टर असल्यामुळे घरातल्या दुखण्यांकडे तुझं लक्ष जाणार नाही, म्हणून मुद्दाम विचारते.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यात उपदेश पुष्कळ आहे, पण पिळून काढला तर एवढाच निघतो की संचालकसाहेबांची लेखी माफी माग आणि प्रकरण मिटव. तुझा वेळ वाचावा म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. मी माफी मागणार नाही. आता कारणं ऐक, आणि ती तुझ्या इस्पितळात मोठ्याने वाचून दाखव, कारण तिथे माझ्याविषयी जे काही मोठ्याने बोललं गेलं ते तूच बोलला होतास.

मी काय काम करते हे तू आजवर लोकांना "ती वस्तू गार करते" एवढंच सांगत आलास. ते अगदीच खोटं नाही. काही पदार्थ कडाक्याच्या थंडीत नेले की त्यांच्यातून वीज विनातक्रार वाहते, अडथळा शून्य. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. तुझ्या इस्पितळातल्या त्या बोगद्यासारख्या स्कॅनच्या यंत्राचं चुंबक असल्याच तारांचं असतं. रडगाणं एकच, की एवढ्या थंडीला द्रवरूप हेलियम लागतं आणि ते मिळता मिळत नाही. आमच्या इमारतीत तर सगळ्यांत मिळून एकच टाकी. मला चुंबकासाठी हेलियम हवं, समोरच्या वैद्यकवाल्यांना त्यांच्या यंत्रासाठी हवं, शेजारच्या खोलीतल्या खगोलवाल्यांना दुर्बिणीचे डोळे गार ठेवायला हवं, आणि वरच्या मजल्यावरच्या गुप्तलिपीवाल्यांना ते कशाला हवं हे ते सांगत नाहीत. म्हणून पाळ्या लावलेल्या आहेत. एवढी शिकलेली माणसं, पण टाकीपाशी भांडताना बघावीत.

अशात माझ्या भट्टीतून निघालेल्या एका काळ्या वडीने साध्या बर्फाच्या तापमानाला शून्य अडथळा दाखवला. म्हणजे हेलियम नको, टाकी नको, पाळी नको, भांडण नको. बातमी इमारतभर पसरली. वैद्यकवाले म्हणाले, आता गावोगावी स्वस्तात स्कॅन होईल. खगोलवाले म्हणाले, आता दुर्बीण वाटेल तिथे नेता येईल. संचालकसाहेब थेट शिंप्याकडे नवा कोट शिवायला गेले. आणि तू, माझ्या सख्ख्या भावा, जुनं यंत्र दुरुस्त करू नका, माझी बहीण नवं आणतेय, असं इस्पितळाच्या प्रमुखांना सांगून आलास. मला विचारलं होतंस?

साहेबांना दुसरी चिंता लागली, चोरीची. शोध कोणी पळवू नये म्हणून त्यांनी गुप्तलिपीच्या प्रमुखांना बोलावलं. त्यांना आम्ही कुलूपकाका म्हणतो. (माणूस असा, की चहात साखर किती घालू विचारलं तर आधी दार लावून घेतो.) त्यांनी माझी सगळी मोजमापं संगणकावरच्या एका फाइलीत बंद केली आणि किल्लीचे, म्हणजे लांबलचक सांकेतिक आकड्याचे, तीन तुकडे केले, एक साहेबांना, एक स्वतःला, एक मला. तिघांनी आपापला तुकडा टाकल्याशिवाय फाइल उघडायची नाही. ती उघडायची शोध जाहीर करायच्या समारंभात, व्यासपीठावर, सगळ्यांच्या देखत. ही कल्पना साहेबांची, आणि नव्या कोटाला शोभेशी होती.

समारंभाच्या सकाळी छापायला फोटो हवा म्हणून मी वडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि फोटो काढायचा तिथेच राहिला. वडीला चार तारा असतात. दोनांतून वीज पाठवायची, दोनांनी अडथळा मोजायचा. वीज पाठवणाऱ्यांपैकी एक तार सुटलेली होती. वीजच गेली नाही तर अडथळा काय डोंबल दिसणार? नळाला पाणी आलेलं नसताना प्लंबरने गळती थांबली म्हणून सांगावं, तसलं ते शून्य. चमत्कार झाला तरी शून्य आणि तार सुटली तरी शून्य, असा आमचा धंदा आहे.

तू म्हणशील, एवढी साधी गोष्ट तुझ्या लक्षात कशी आली नाही? वीज जात नसली की पेटणारा एक लाल दिवा यंत्रावर असतो. तो पेटलाही असेल. पण शेजारच्या खगोलवाल्या बाईंना उजेडाचं वावडं आहे. त्यांचा दुर्बिणीचा डोळा इतका नाजूक, की भिंतीच्या फटीतून गेलेला माझा लाल दिवा त्यांना नवा तारा वाटतो. (एकदा वाटला होता. त्यावर त्यांनी व्याख्यानही दिलं.) तेव्हापासून त्या काळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन इमारतभर हिंडतात आणि दिसेल त्या दिव्याचं तोंड बंद करतात. आम्हीही शेजारधर्म म्हणून चालवून घेतो. माझा लाल दिवा पट्टीखाली बोंबलत राहिला आणि मी वर पेढे वाटल्यासारखी आनंदात.

तशीच धावत साहेबांकडे गेले. ते आरशासमोर होते. तार नंतर सुटली असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, असेलही, पुन्हा मोजून बघू, दोन दिवस द्या. ते म्हणाले की पाहुणे निघालेत, आधी जाहीर करू, मग सावकाश मोजू. दादा, तिथेच माझं टाळकं सटकलं.

व्यासपीठावरचं सगळं तुला तिखटमीठ लावून कळलंच आहे, आता मूळ ऐक. साहेबांनी आपला तुकडा टाकला. कुलूपकाकांनी रुमालाने हात झाकून आपला टाकला. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहिले. पुढच्या रांगेत डॉक्टर मंडळी बसलेली, त्यांच्या चेहऱ्यावरची आशा बघून मला खरंच रडू येत होतं, हे कोणी तुला सांगितलं नसेल. साहेब हसत हसत हळूच म्हणाले, टाका, लोक बघतायत. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते लोकांनीही ऐकलं. मग मीही त्यातच बोलले.

"तार सुटलेली होती. हे शून्य वडीचं नाही, आमच्या हलगर्जीपणाचं आहे. मी ते उघडणार नाही."

साहेबांनी कुलूपकाकांना विचारलं, हिच्यावाचून फाइल उघडायची काही युक्ती? "नाही उघडत. मी केलीय ती," काका म्हणाले. त्या सभागृहात सुखी माणूस तो एकटाच. आयुष्यभर कुलपं केली आणि त्यातलं एक चारचौघांत कसाला उतरलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मला वाटतं तेच त्यांचं आजवरचं सगळ्यांत मोठं भाषण.

तू लिहितोस की मी तुझं नाक कापलं. बरं. आता तुझ्याच धंद्यातलं विचारते. पेशंटच्या छातीवरची तार निघाली की पडद्यावर सरळ रेघ येते. तेव्हा तू नातेवाइकांना बोलावून गेला म्हणून सांगतोस, की आधी तार बघतोस? आणि बघून, तार निघालीय हे कळल्यावरही, नातेवाईक जमलेच आहेत तर उगाच कशाला हिरमोड, म्हणून सांगून टाकतोस? मग मी काय वेगळं केलं? तुझा पेशंट जिवंत राहतो म्हणून तू शहाणा, आणि माझा शोध मेला म्हणून मी आगाऊ?

आता सद्यःस्थिती. माझी हेलियमची पाळी बंद झाली आहे. माफीनामा दिला नाही तर खोली खगोलवाल्यांना जाणार, आणि खोली गेली की मी गेलेच. अर्धं आयुष्य या भट्टीपाशी गेलं, दादा. सामान भरताना हात चालत नाहीत. पट्टीवाल्या बाई येऊन रडून गेल्या आणि म्हणाल्या की तुझी खोली मला नको. (जाता जाता एक दिवा झाकून गेल्या, सवयीने.) पण खोलीसाठी मी खोट्यापुढे मान तुकवणार नाही. पुन्हा असला उपदेश पाठवलास तर मीही उत्तर पाठवीन, आणि ते वहिनीच्या नावाने.

थोरांना मान, लहानांना लाड, आणि तुझ्यासाठी जो राग उरला आहे तो सगळा.

तुझी,
वस्तू गार करणारी बहीण

ता. क. : तुझ्या इस्पितळात यंत्रासाठी हेलियम येतं ना? एक लहान पिंप मिळेल का? राग बाजूला ठेवून विचारते आहे. तुझ्या प्रमुखांना काय सांगायचं ते तू बघ, सांगण्यात तू पटाईत आहेस.

ता. क. २ : कशाला, ते लिहायचं नव्हतं, पण नुसतं मागितलं तर तू देणार नाहीस. खोक्यात भरण्याआधी मी वडीला चारही तारा नव्याने जोडल्या. दिव्यावरची पट्टी काढली. वीज नीट वाहत होती, दिवा पेटला नाही. आणि बर्फाच्या तापमानाला आकडा पुन्हा शून्यावर आला. तारा काढून परत जोडल्या, परत शून्य. खरा अतिसंवाहक चुंबकाचा जोर आत शिरू देत नाही, तेव्हा आता चुंबकात घालून पाहिल्याशिवाय मी स्वतःवरही विश्वास ठेवणार नाही, आणि चुंबकाला हेलियम लागतं. तोवर कोणाला एक अक्षर बोलू नकोस. तुझ्या प्रमुखांना तर नाहीच.

ता. क. ३ : आणि हे खरं निघालं तरी मी माफी मागणार नाही. त्या दिवशीचं शून्य खोटंच होतं.