स्टेशनाकडे तोंड

२ नोव्हेंबर १९६५, दुबई
सकाळी खाडीवर सिमेंट उतरवून घेतलं. दुपारी हसन भंडारी ऑफिसात आला. माझ्या धाकट्या भावाच्या, युसूफच्या, बोटीवरचा हा स्वयंपाकी. ऑगस्टात युसूफ रॉटरडॅमच्या इस्पितळात वारला, तेव्हा माती द्यायला हसन होता. मी नव्हतो.
म्हणाला, "सगळं रीतीनं केलं, भाई. गोदीवरून आगगाडीनं मोठ्या स्टेशनात गेलो. दारातून बाहेर, डावीकडे गाडी धरली, थेट कबरस्तान. ढगांनी सूर्य दिसेना. मी म्हटलं, स्टेशन पश्चिमेला असणार, पोराचं तोंड तिकडे करा. गावात करतो तसं."
चहा पाजला. संध्याकाळी त्याची बोट सुटली.

३ नोव्हें.
झोप नाही. ऑफिसातल्या नकाशावर पट्टी धरली. रत्नागिरीहून मक्का पश्चिमेला. इथूनही. रॉटरडॅमहून मात्र आग्नेयेला.
पुन्हा धरली. तेच.
स्टेशन खरंच पश्चिमेला असेल तर पोराची पाठ किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला.

४ नोव्हें.
गाववाला दाऊद शनिवारच्या बोटीने घरी चाललाय. मागच्या फेरीत आईने त्याच्याकडून एकच विचारलं होतं, तोंड किब्ल्याकडे होतं ना. उत्तर द्यायचं आहे.
खाडीच्या गाळाचं काम बघणारा डच साहेब रॉटरडॅमचाच. कशाला विचारतोय ते सांगितलं. हसला नाही. सिगारेटच्या पाकिटावर स्टेशन काढून दिलं. पुढचं दार दक्षिणेला, तिथून ट्राम. डावीकडे म्हणजे पूर्वेला. मग स्टेशन राहिलं पश्चिमेला.
मी पाकीट उचललं. तो म्हणाला, "थांब. मागेही दार आहे, उत्तरेला. तिथून बस. त्या दारातून डावीकडे, वायव्येला गेले असतील, तर स्टेशन आग्नेयेला राहतं."
म्हणजे बरोबर.
कोणतं दार? कबरस्तानं दोन्ही दिशांना, हसनचं कुठलं ते ठाऊक नाही. पुढच्या दारासमोरचा चौक त्या दिवसांत खणलेला होता, जमिनीखालून रेल्वे न्यायला, आणि आत पाणी भरलेलं. थांबे इकडचे तिकडे. "एवढं पाणी बघितलेला माणूस विसरणार नाही," साहेब म्हणाला.
हसन पाण्याबद्दल काही बोलला नाही. मी विचारलं नाही. ट्राम की बस, तेही नाही. गाडी म्हणाला नुसता.

५ नोव्हें. शुक्र.
जुम्म्याच्या नमाजनंतर मौलवींना विचारलं. "नकळत झालं, गुन्हा नाही. कबर उघडायची नाही."
ते मला पुरेल. आईला...

६ नोव्हें.
दाऊदला धक्क्यावर सोडलं. सामानात खजूर, आईला शाल.
"म्हातारीला काय सांगू?"
"नमाज झाली. माती गाववाल्यांच्या हातची."
"ते तिला ठाऊक आहे. तोंडाचं विचारेल. हो म्हणू? एक शब्द तर आहे."
"नको. हसन परत आला की कळवतो म्हण."
"आणि तो कधी यायचा?"
"इन्शाल्ला, येईल."
दाऊदने सामान उचललं. होडीत बसला. बोट दूर उभी होती, होडी दिसेनाशी होईपर्यंत थांबलो नाही.
खोलीवर आलो. हातपाय धुऊन वजू केला. मुसल्ला पसरताना हात आपोआप पश्चिमेकडे वळला. इथे ते बरोबर आहे. तरी उचलून पुन्हा नीट पसरला. नमाजनंतर घडी घातली. स्टोव्ह पेटवून एकाचा भात टाकला.