केव्हाही ये म्हणजे

लीड्स, ११ जानेवारी

ती. बाबांना,
पौर्णिमाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी भिंत ठोकते, म्हणून हे पत्र. प्रकृती ठीक आहे.

तुम्ही शाळेत घोकून घेतलेले इंग्रजी वाक्प्रचार इथे वॉर्डात रोज भेटतात. परवा एक आजोबा 'अंडर द वेदर' म्हणाले, मला लगेच कळलं की त्यांना बरं नाही. पण सगळेच तुमच्या गाईडातले नसतात. सकाळी जो तो 'यू ऑलराइट?' विचारतो. पहिल्या दिवशी मी खरंच सांगू लागले, झोप लागली नाही, आई गेल्यापासून असंच होतं. विचारणारी तोवर पुढे निघून गेली होती.

सोबतची नर्स जेनेट परवा 'पॉप राउंड एनी टाइम' म्हणाली. जाऊ का? वर्ष होत आलं, कुणाच्या घरात पाय ठेवला नाही.

मी लवकरच येते. तोवर माया असू द्या.

तुमची,
पौर्णिमा


आंजी (मोठी), २ फेब्रुवारी

चि. पौर्णिमाले अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी वऱ्हाडीतच लिहीन, रिटायर झाल्यावर शुद्धलेखन कोणासाठी करू?

'पॉप राउंड एनी टाइम' म्हणजे केव्हाही ये. बाईनं बोलावलं तं जाजो. आधी कळवू नको, परकेपणा दिसते. आपली शेजारची अनुसयाबाई कळवून येते काय? सरळ येते अन् चुलीवरचा चहा स्वतःच ओतून घेते. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नको. तुह्या आईसारखी सांबारवडी करजो. सांबार तिकडं भेटत असंलच.

तू लवकर येते लिहिलं म्हणून तुही गादी उन्हात टाकली. अनुसयाबाईनं विचारलं, काऊन काढली. म्या सांगितलं, पोरगी येऊन राह्यली.

जेवत जाजो. म्हाताऱ्याले विसरू नको.

तुहा बाप,
रामाजी


लीड्स, २३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

रविवारी गेले होते. सकाळी उठून कोथिंबीर निवडली, सांबारवडी केली, आईची निळी साडी नेसले. जेनेटनं दार अर्धंच उघडलं. आत पाहुणे जेवत होते. मला बघून ती गोंधळली, मग हसली, डबा घेतला, किती छान म्हणाली आणि उद्या वॉर्डात भेटू म्हणून दार लावलं. तिचा राग नाही आला. मी बसथांब्यावर जाऊन रडले.

वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरनं नंतर समजावलं. इथे केव्हाही ये म्हणजे तू मला आवडतेस, एवढंच. खरं बोलावणं असलं तर वार आणि वेळ सांगतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाबा. तुमचा अर्थ आंजीत बरोबरच आहे.

डबा तिनं धुऊन परत दिला. वडी तिखट होती म्हणाली.

उन्हाळ्यात येतेच. आशीर्वाद असू द्या.

पौर्णिमा


आंजी (मोठी), १५ मार्च

चि. पौर्णिमाले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून त्या जेनेटचा लय राग आला. लेकरू दारात आलं अन् पाणी नाई विचारलं. मंग माहाच राग आला, म्याच तुले पाठवलं. दोन दिवस भाकर गोड लागली नाई.

तुही गादी पुन्हा उन्हात टाकली होती. संध्याकाळी घडी करताना मनात आलं ते विचारतो, रागावू नको. तू दर पत्रात 'येते' लिहितं. ते 'येते' आपल्या आंजीतलं आहे का तिकडचं? तिकडचं असलं तरी चालते, माय. फक्त सांगजो. गादी जड आहे, अन् अनुसयाबाईले दर वेळी काय सांगू?

घरात बोलाले कोणी नाई, म्हणून इतकं लिहिलं.

तुहा बाप,
रामाजी


लीड्स, २८ मार्च

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

तिकडचं होतं.

रजा मी कधी मागितलीच नव्हती. आई नसलेलं घर पुन्हा बघायची भीती वाटत होती, आणि एकदा तुम्हाला बघितलं की परत निघता येणार नाही, याची त्याहून जास्त. तुमचं पत्र वाचलं आणि तशीच जाऊन मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या एका शब्दात हो म्हणाल्या.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या बसनं आंजीत उतरते. वार गुरुवार.

गादी बुधवारी काढा. एकट्यानं उचलू नका, अनुसयाबाईंना हात लावायला सांगा.

तुमची,
पौर्णिमा