बाप दुसऱ्याकडे गेला

३ फेब्रु.
केदारच्या हडपसरच्या स्टुडिओत तामिळ सिनेमा पाहिला. मराठीत डब करायचाय. नायक एक, भूमिका चार: इस्त्रीवाला बाप, त्याचे जुळे मुलगे नि त्यांच्या मुळावर उठलेला गुंड. चौघांचे आवाज माझे. जुळ्यांत फरक फक्त मिशीचा, तीही एका प्रसंगात चुकून दुसऱ्याला लागलीय. गुंडाच्या नकली टकलाची कड कपाळावर स्पष्ट दिसते. उत्तरार्ध संपता संपत नाही. पण बाप काय केलाय या माणसाने. मुलगा घर सोडून निघतो, हा इस्त्री उभी करून ठेवतो नि नुसतं "जेवून जा" म्हणतो. बावीस वर्षं डबिंग करतोय, असं काम वाट्याला आलं नव्हतं.

४ फेब्रु.
एकेका भूमिकेचे संवाद सलग उरकायचे. हळू बोलणारा आधी, ओरडणारा शेवटी. नवीन पोरांना हे मीच शिकवतो. आज गुंड आधी घेतला. केदारने एका तरुण कलाकाराला ऐकायला बसवलं होतं. त्याला दाखवायचं होतं, चोपन्नाव्या वर्षीही काय दम आहे ते. केदार म्हणाला, "काका, कडक." खुळ्यासारखा खूश झालो.

५ फेब्रु.
जुळे कसेबसे झाले. घरी विश्रांतवाडीला पोचेपर्यंत आवाज पार बसला. ज्येष्ठमध, गरम पाणी, गुळण्या. बायको सुनंदा म्हणाली, "अहो, गुंड आधी घ्यायला कुणी सांगितलं होतं?" तिलाही नियम पाठ.

७ फेब्रु.
डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. स्वरतंतूवर गाठ. दहा दिवस तोंड बंद, मग पुन्हा बघू. सुनंदाने विचारलं, "आवाज पूर्वीसारखा होईल ना?" "आत्ताच सांगता येणार नाही." बापाचं रेकॉर्डिंग १० तारखेला. म्हणजे संपलंच.

८ फेब्रु.
केदारला मेसेज केला, थोडं थांब म्हणून. उत्तर आलं: "काका, चॅनेलला तारीख दिलीय. तिघं तुमचेच राहतील. बाप त्या दिवशी ऐकायला बसलेल्या मुलाकडून करून घेतो." तो मुलगा सत्तावीसचा. आता माझ्या आवाजातले दोन मुलगे त्याला अप्पा म्हणणार. दुपारभर रडलो. सुनंदा शेजारी मेथी निवडत बसली.

११ फेब्रु.
केदारने क्लिप पाठवली, बापाच्या पहिल्या प्रसंगाची. सात वेळा ऐकली. वाईट असती तर बरं झालं असतं. एके ठिकाणी श्वास घाईने घेतो, बाकी चोख.

१२ फेब्रु.
काही नाही.

१५ फेब्रु.
दुसऱ्या एका स्टुडिओतून फोन आला. मी उचलू शकत नाही, हॅलो म्हटलं की कळणार. सुनंदाने घेतला. उद्या ट्रायलला येता का, विचारत होते. मी तिच्या समोरच, खुर्चीवर. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते बाहेरगावी गेलेत. कधी येतील ते काही सांगून गेले नाहीत."