अख्खा माणूस आणि अर्धं वाक्य

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझं डोकं सोडलं तर इकडे सगळं ठीक.

तुम्ही शब्द टाकून मला कपबशांच्या कारखान्यात चिकटवलंत. मी तिथे अजून कपांना कान चिकटवतो आहे, असं लिहायला आवडलं असतं. पण मालकांनी कारखाना सुधारायला एक सल्लागार बाई आणल्या. त्यांचं म्हणणं, आपण कामावर माणसाचे नुसते हात बोलावतो. मन, राग, लोभ चपलांसारखे दाराबाहेर काढायला लावतो. अख्खा माणूस आत आला, की कारखाना बदलतो. (मला पटलं. कॉलेजात माझा नुसता रोल नंबर मागायचे.)

मग सगळ्यांना गोल बसवून, कुठे अडतं ते मनापासून सांगा म्हणाल्या. भट्टीवाले काका एरवी 'हं'च्या पुढे जात नाहीत. ते म्हणाले, डोळ्यांना आता आच सोसत नाही. इतकी वर्षं शेजारी उभे राहून कुणी विचारलं नव्हतं.

नंतर तपासणीतली ती. (मामींना ठाऊक आहे.) आमच्यामध्ये भिंत, भिंतीला खिडकी. मी कप ठेवतो, ती सांध्यावरून बोट फिरवते; कान कच्चा असला तर भुवई उंचावून कप परत सरकवते. (त्या भुवईसाठी काही कान मी मुद्दाम कच्चे लावलेत. मालकांना सांगू नये.) ती म्हणाली, "आधी ती खिडकी बंद करा."

माझं डोकं सणकलं. अख्खा माणूस आत आलेलाच होता, तो तसाच उठला. माणसं तोडायला अर्धी अक्कलही पुरते, असं बाईंना सुनावलं, राजीनामा खरडून मालकांच्या टेबलावर टाकला आणि दार आपटलं. (ते नीट लागत नाही, म्हणून दोनदा.)

नोकरी गेल्याचं काडीचं दुःख नाही. काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता. क. भट्टीवाले काका माझा विसरलेला डबा घेऊन आले. तिचं बोलणं पुढेही होतं म्हणे: "भिंतच पाडा, दोघांना एक टेबल द्या. तो कान मुद्दाम कच्चे लावतो, ते तोंडावर सांगता येईल." भिंत पाडताहेत. माझ्या जागी रंगकामातला एक बासरी वाजवणारा पोरगा बसणार आहे. काका म्हणाले, "कॉलेज अर्धं, मीटिंग अर्धी, आणि तिचं वाक्यही अर्धंच ऐकलंस होय रे?"

आणखी एक. मालकांना माझं अक्षर लागलेलं नाही. रविवारी पत्ते खेळायला येतील तेव्हा तो कागद तुमच्याकडून वाचून घेणार आहेत. मामा, ती रजेची चिठ्ठी आहे असं वाचा. ताप होता, असंही घाला. अगदीच खोटं नाही.