दगड आमचेच

सोमवार, ३ मार्च

यंदाही नाही! पौर्णिमा उलटली, बेटांच्या कड्याच्या आतल्या पाण्यात मासा म्हणून नाही. मासे समुद्राकडे वळले की "निघाले रे!" ही हाळी गावात फक्त आमच्या घरानं द्यायची. बाबा दिवसभर किनाऱ्यावर बसून आले, हाळी न देताच. जेवायला पुन्हा भात आणि डब्यातलं मांस.

मंगळवार, ४ मार्च

डोकं सुन्न झालंय. राजधानी तारावाहून मासळी खात्यातली बाई आली होती. म्हणाली, "मासे अंडी घालायला बाहेरच्या समुद्रात जायचे ते दोन बेटांमधल्या या फटीतून. तुम्ही नेमकी तीच बुजवलीत."

आम्हीच! पलीकडच्या बेटावर जायला बांधावरचा रस्ता मागितला आम्ही, झाला तेव्हा नाचलो आम्ही. आणि दगड? फटीच्या तोंडाशी आमच्या घराण्याचा मासे धरायचा दगडी सापळा होता — पणजोबांच्याही आधीचा. बाबांनी तो मोडून भरावाला दिला! मासे कुठून जातात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी विचारलंच. तर म्हणतात, "अगं, मला वाटलं मासा हुशार. शोधेल दुसरी वाट."

संतापले. मग त्यांचा चेहरा बघितला आणि त्यांचं ताट वाढायला उठले.

शुक्रवार, ७ मार्च

मनेआबात, गावाच्या सभाघरात, सगळं गाव जमलं. म्हातारा योतेबा कडाडला, "बांध फोडा! पोरांना काय रस्ता वाढणार आहात ताटात?" खालून मासे जातील असा पूल बांधायला सरकारकडे पैसे नाहीत म्हणे. माना डोलायला लागल्या. मला सातवा महिना. बायकांनी तिथं बोलायचं नाही, म्हणून ओठ चावत बसले. माझी ताब्वेताई बाळंतपणात होडीतच गेली — भरतीची वाट बघत, पलीकडच्या बेटावरचं इस्पितळ समोर दिसत असताना! रस्ता मागितला तो त्यासाठीच ना?

मग बाबा बोलायला लागले. हाळीचं घर — "फोडा" म्हणणार, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"बांध राहू दे. माझी एक पोर होडीत गेली. दुसरी नाही जाऊ द्यायची मला."

आणि "वाट बुजवणाऱ्यानं हाळी देऊ नये" म्हणत हाळीचा मान योतेबाच्या घराला देऊन टाकला! सगळ्यांसमोर! मी हमसून हमसून रडले.

बुधवार, १२ मार्च

बांधावरून ट्रकनं भुर्रकन इस्पितळात. रक्त तपासलं. साखर! खूप वाढलीय, बाळालाही धोका आहे. नर्स म्हणाली, "भात कमी कर, डबे बंद. रोज ताजे मासे खा."

बाबा बाहेर बाकावर बसलेत. विचारतायत, काय म्हणाली ती?