तुमच्यासाठीच केलंय

चि. सौ. राजश्रीला निपाणीहून तारामतीआक्काचा जय जिनेंद्र आणि भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? श्रेयांसरावांना बेळगावच्या खासबागेतली हवा मानवतेय ना? (त्यांचं पोट पाहता मानवत असणार.) इकडे आम्ही मजेत. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज गल्ली ओलांडून जातो आणि विषय सुनेचा आहे.

आपली पूर्णिमा श्वेतांबर स्थानकवासी घरातली, हे तुला ठाऊक आहेच. तिची सख्खी मावशी दीक्षा घेऊन साध्वी झालेली. त्या परवा आणखी दोघींबरोबर पायी विहार करत निपाणीत आल्या. लग्नानंतर एकदा तरी मावशींच्या पात्रात आपल्या हातचा घास पडावा, एवढीच पोरीची इच्छा. मुद्दाम काही करू नका, घरात असेल ते चालेल, असं तिनं मला बजावलं होतं. मला वाटलं, पोर भिडेपोटी बोलतेय. साध्वी दारात येणार आणि मी असेल ते वाढू? आपल्या दिगंबर महाराजांसाठी लावतो तसा सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा चौकाच लावला. पहाटे विहिरीचं पाणी, धूतवस्त्र, घरी दळलेलं पीठ, शेवयांची खीर. (महाराज दिवसातनं एकदाच, उभ्यानं, ओंजळीत घेणार, पण आपण रांधतो लग्नाचं.) हातात पाण्याचा कलश, त्यावर नारळ, अशी मी दारात उभी. त्या दिसल्या तशी नमोस्तु म्हणत प्रदक्षिणाच घालायला लागले. तोंडाला मुहपत्ती बांधलेल्या तिघी माझ्यामागे माना फिरवत राहिल्या. मावशींनी हळूच विचारलं, हे कुणासाठी केलंय? मी अभिमानानं म्हटलं, "तुमच्यासाठीच हो. पहाटेपासनं चूल पेटलीया."

तिथंच सगळं बुडालं. अगं, त्यांच्यात घरच्यांसाठी केलेल्यातलं थोडंसंच, तेही घरोघरचं घेतात. त्यांच्यासाठी म्हणून केलं की तो घास दोषाचा. वर माझ्या हातात कच्चं, न उकळलेलं पाणी, तेही त्यांना वर्ज्य. रिकामी पात्रं घेऊन त्या परत गेल्या आणि पूर्णिमा मोरीत जाऊन रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खीर मात्र यांनी मागून मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तरी त्या येतील, या आशेवर मी होते. कारण तो त्यांचा इथला शेवटचा दिवस. पण मनात न आणता स्वयंपाक करायचा कसा? पिठात हात घातला की मावशी आठवत. शेवटी पूर्णिमानं मला चुलीपुढून उठवून सोप्यात बसवलं. दुपारी हे मळ्यातनं भुकेले आले. यांना या दोषाबिषाचा काहीच पत्ता नव्हता. पूर्णिमानं यांच्या ताटात भाकरी टाकली, तोच त्या तिघी आत. मावशींचा तोच प्रश्न. हे ताटावरची नजर न काढता म्हणाले, "कुणासाठी म्हंजे? माझ्यासाठी. आणि अजून एक घास पोटात गेला न्हाय."

मुहपत्तीवरचे मावशींचे डोळे हसले. अर्धी भाकरी आणि चमचाभर दोडक्याची भाजी त्यांनी पूर्णिमाच्या हातून घेतली. त्या गेल्यावर यांनी दुसरी भाकरी मागितली, तर सून म्हणाली, दिल्याची भरपाई म्हणून पुन्हा चूल पेटवली तर तोही दोष. हे उरलेल्या अर्ध्या भाकरीवर ताक पिऊन माझ्याकडे बघत बसले. पूर्णिमा अशी हसली की मीच डोळ्याला पदर लावला. फार बरं वाटलं बघ.

तुझी,
आक्का

ता. क. मावशी आता संकेश्वरवरून बेळगावकडे निघाल्यात. मुक्काम तुझ्याच गल्लीत. तुझ्या घरीही त्यांची गोचरी व्हावी, घासभर भिक्षा त्यांनी घ्यावी, अशी पूर्णिमाची इच्छा आहे आणि पत्र त्यासाठीच. आम्ही दोघी येतोय.

पुन्हा ता. क. अगं, पण तुला हे कळलं म्हणजे तुझ्या हातचंही बाद झालं की. हे पत्र वाचलंच नाहीस असं समज. श्रेयांसरावांना मात्र काही कळू देऊ नकोस, आणि त्या दिवशी सकाळी त्यांना नाष्टा देऊ नकोस.