दूध संघाच्या आवारात भरलेला आपला वर्ग

प्रिय मॅडम,

काल दिंद्रुडचं आयकराचं शिबिर संपलं. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलंच. घरी आले आणि सवयीनं तुम्हालाच फोन लावायला निघाले. म्हणून हे पत्र.

पाटोद्याच्या कॉलेजात आयकर मला तोंडपाठ होता. तुम्ही मात्र म्हणायचात, "सुनीता, पाठ झालाय. आलाय कुठं?" किती राग यायचा मला!

मग त्या दुष्काळात तुम्ही आमचा वर्ग कड्याकडच्या एका दूध संघात नेलात. जनावरं छावणीत, दूध आटलेलं. कामगारांचा काही वर्षांचा अडकलेला पगार अखेर एकदम मिळाला होता, आणि एकदम मिळाला म्हणूनच कर जास्त कापला गेला होता. तो परत मिळावा म्हणून आम्ही त्यांची विवरणपत्रं फुकट भरणार होतो.

माझ्यासमोर पहिलेच बसले टँकर चालवणारे बाबूराव. "घरभाडं भरतो असं बी लिव. गावातला एजंट लिवतोय, लई पैसे येत्यात म्हणं."

"मामा, तुम्ही तर स्वतःच्या घरात राहता ना?"

"त्यो लिवतोय, मग तू कावून न्हाई लिवत?"

"खोटं आहे म्हणून."

ते उठले. त्यांच्यामागे अख्खी रांग एजंटाकडे गेली. आणि तुम्ही मागच्या खुर्चीत गप्प! एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

बाटल्या धुणाऱ्या शांताबाई तेवढ्या थांबल्या. "खरं हाय तेवढंच लिव, पोरी." कुठल्या वर्षाचा पगार कुठला, हे त्यांना विचारत विचारत मांडलं, तेव्हा थकलेल्या पगारावर करात सवलत देणारं, पाठ केलेलं ते कलम मला पहिल्यांदा कळलं. त्यांचे पैसे खात्यात आले, त्या दिवशी मी वर्गात नाचले होते. आठवतं?

एजंटाकडे गेलेल्यांना पुढं आयकर खात्याच्या नोटिसा आल्या. बाबूराव मान खाली घालून आपल्या वर्गाच्या दारात उभे राहिले. मी चार शब्द सुनावणार, तोच तुम्ही खुर्ची पुढं केलीत. "बसा, बाबूराव. सुधारता येतं. सुनीता भरून देईल."

भरून दिलं मी. पण मॅडम, तुमचा तो शेवटचा आजार आमच्यापासून कशाला लपवलात? आम्ही परके होतो का?

पुढच्या वर्षी पाटोदा, कडा, दिंद्रुड, तिन्हीकडे शिबिर भरेल. पाऊस पडो न पडो. हा माझा शब्द. विवरणपत्रं भरणारी पोरं कमी पडायची नाहीत. काल परतताना जीपमध्ये कड्याचं शिबिर कुणी घ्यायचं यावरून त्यांची भांडणं लागली होती.

तुमचीच,
सुनीता